भीतीची उघाडी

कोकणात भीतीचा खेळ सहसा एकटा येत नाही; त्याच्याबरोबर कोणी तरी हसवणारा असतो. दक्षिण कोकणातल्या जत्रांत दशावतार उभा राहतो, तेव्हा मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगात गणपती-सरस्वतीच्या मागोमाग संकासूर येतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा राक्षस. त्याचे कपडे काळे, चेहराही काळा. पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. मग राक्षस बोलू लागतो, तेही चक्क मालवणीत. भटजींची फिरकी घेतो, गावातल्या कोणाची तरी टोपी उडवतो. पदरातली डोकी हळूहळू बाहेर येतात आणि हसू लागतात. थोड्या वेळानं विष्णू त्याचा वध करतो आणि आख्यानाला वाट मोकळी होते. रत्नागिरीकडे, गुहागर-दापोलीच्या शिमग्यात, हाच संकासूर खेळ्यांबरोबर दारोदार फिरतो. मुलं त्याला पाहून पळत सुटतात आणि वळणावरून पुन्हा त्याच्याच मागे लागतात.

राक्षसाच्या वेषात येऊन हसवणारा हा माणूस कशासाठी असतो, हा या लेखाचा प्रश्न. घाबरवायचं असेल तर हसवू नये; हसवायचं असेल तर काळं फासून येऊ नये. तो दोन्ही करतो आणि दोन्ही एकाच वेळी करतो. हा काही आपल्याकडचाच प्रकार नाही. अमेरिकेतल्या गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी असाच माणूस स्वतंत्रपणे शोधून काढला. तिकडची हकिकत आधी पाहू, म्हणजे प्रश्न नीट मांडता येईल.

१९५४ साली लॉस एंजेलिसच्या केएबीसी या वाहिनीवर रात्री उशिरा जुने भयपट दाखवायचं ठरलं. चित्रपट स्वस्तातले आणि बरेचसे सुमार. ते पाहायला लोकांनी जागावं म्हणून मायला नुर्मी या बाईंना ‘व्हॅम्पायरा’ करून बसवलं. काळा घट्ट झगा, पांढराफटक चेहरा, मुठीत मावेल अशी कंबर. धुक्यातून चालत येऊन ती कॅमेऱ्यासमोर जिवाच्या आकांतानं किंचाळायची आणि लगेच, कोणी लिंबू सरबत प्यावं तशा समाधानानं बोलायला लागायची. तो कार्यक्रम वर्षभरच चालला. पण १९५७ मध्ये युनिव्हर्सल कंपनीचे बावन्न जुने चित्रपट ‘शॉक’ या नावानं एकगठ्ठा गावोगावच्या वाहिन्यांना विकले गेले आणि प्रत्येक शहराला आपापला यजमान लागला. बाहेरून नट आणायला पैसे कुठले? मग कुठे संध्याकाळचा निवेदक तर कुठे हवामान सांगणारा रात्री तोंडाला चुना फासून शवपेटीतून उठू लागला. फिलाडेल्फियात जॉन झाकर्ली, क्लीव्हलंडमध्ये ‘गूलार्डी’ झालेले एर्नी अँडरसन, पुढे १९८१ पासून लॉस एंजेलिसमध्ये ‘एल्व्हायरा’ म्हणजे कॅसँड्रा पीटरसन, अशी ही परंपरा चालत राहिली.

या सगळ्यांबद्दल एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. चित्रपट वाईट होते, म्हणून त्यांची टर उडवली. हसलं की भीती जाते, म्हणून लोकांना बरं वाटलं. उत्तर खोटं नाही, पण अर्ध्या वाटेवर थांबणारं आहे. भीती घालवायची असती तर भयपट न दाखवणं हा सर्वांत सोपा मार्ग होता. लोकांना भीती हवी होती, म्हणून ते मध्यरात्रीपर्यंत जागत होते. ज्यांनी ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेनस्टाइन’ या यजमानांबरोबर पाहिले, त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात त्या चित्रपटांची दहशत पुढेही टिकली. म्हणजे हसण्यानं भीती धुऊन निघाली नव्हती. मग त्या हसण्यानं नेमकं काय केलं?

धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्याला याचं उत्तर भाताच्या शेतात सापडू शकेल. अंबा नदी जिथे खाडी होते, तिथे पेण आणि अलिबाग तालुक्यांतली कितीतरी शेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले. पण नुसत्या बांधानं शेत वाचत नाही. पावसाळ्यात डोंगरावरून आणि आभाळातून येणारं गोडं पाणी आत साचतं. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर भात उभ्या जागी कुजतं. म्हणून बांधात जागोजागी उघाडी ठेवलेली असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं तिची झडप बाहेर उघडते आणि साचलेलं पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीच्याच दाबानं झडप मिटते. उघाडी खाडीला हटवत नाही. खाडी आहे तिथेच राहते, दिवसातून दोनदा बांधावर धडका देत राहते. उघाडी फक्त आत साचलेलं बाहेर सोडते, आणि तेही ओहोटीची वेळ साधून.

भयपटाचा विनोदी यजमान ही भीतीची उघाडी आहे. पडद्यावरचं भूत म्हणजे खाडी. तिला तो हात लावत नाही. दहा-पंधरा मिनिटं पाहताना पाहणाऱ्याच्या आत जे साचलेलं असतं, श्वास धरलेला, खांदे आखडलेले, हात उशीत रुतलेला, ते तो बाहेर सोडतो, आणि प्रसंग संपून जाहिरातींची ओहोटी लागली की सोडतो. मग पुन्हा मिटतो. पाहणाऱ्याचं मन रिकामं झालेलं असतं, म्हणून पुढची भरती त्याला सोसते. साचलेलं तसंच राहिलं असतं तर एक तर त्यानं टीव्ही बंद केला असता, किंवा भीती बधिर होऊन कंटाळा आला असता. पाहणाऱ्याला दीड तास घाबरता यावं अशी सोय या हसवणाऱ्यामुळे होते.

यातली वेळेची गोष्ट महत्त्वाची. भरतीच्या वेळी उघाडी उघडी राहिली तर खारं पाणी शेतात पसरतं आणि जमीन पुढची काही वर्षं नासते. विनोदाचंही तसंच. भूत दारात उभं असतानाच कोणी कोटी केली तर ते भूत पुन्हा कधीच उभं राहत नाही. मराठीत विनोदी भुतांचे चित्रपट पुष्कळ झाले, पण त्यातली बहुतेक भुतं लोकांना आज आठवत नाहीत. १९९३ चा महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ मात्र आठवतो. कारण त्यात वेळ सांभाळलेली आहे. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला स्वतः कधी हास्यास्पद होत नाही. तो खून करतो, त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचं आहे आणि ते त्याला जमेल असं आपल्याला वाटत राहतं. हसू आहे ते लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्यात. बाहुला हलतो तेव्हा आपण गप्प असतो. लक्ष्या ते दुसऱ्यांना पटवू लागतो आणि कोणाला पटत नाही, तेव्हा आपण हसतो. भरती आणि ओहोटी दोन वेगळ्या माणसांकडे सोपवल्यामुळे एकीनं दुसरीचं पाणी गढूळ केलं नाही.

त्याच चित्रपटात माणूस म्हणून तात्या विंचू उभा केला दिलीप प्रभावळकरांनी. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली त्यांची चेटकीण त्याआधीच गाजलेली होती. बालनाट्यातली ही चेटकीण संकासुराच्या घराण्यातली म्हणावी लागेल. मुलं तिला भितात, तिच्यावर ओरडतात, ती त्यांना उलट उत्तर देते, आणि नाटक सुटल्यावर मुलांना राजकन्येपेक्षा तीच जास्त आठवते. २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी तीच चेटकीण पुन्हा रंगवली, तेव्हा एके काळी तिला घाबरलेले आईबाप आपल्या मुलांना घेऊन नाटकाला गेले. त्यांना आपल्या मुलांनीही एकदा तसंच घाबरावं असं वाटत होतं. हसणाऱ्या चेटकिणीची भीती ही पोराला नेऊन दाखवण्यासारखी गोष्ट असते. न हसणारीची नसते.

मराठी टीव्हीवर व्हॅम्पायरासारखा यजमान स्थिरावला नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि वीस वर्षं ती जवळजवळ एकच खिडकी होती; दर आठवड्याला मध्यरात्री भुतं दाखवण्याची चैन तिला परवडणारी नव्हती. १९९३ पासून रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ केबलवरून घराघरात आला, तो यजमानाशिवाय. म्हणून आपल्याकडे हा माणूस गोष्टीच्या आतच जाऊन बसला. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. आकेरीच्या वाड्यात एकेक माणूस संशयानं दुसऱ्याकडे पाहतोय, कोणाला काय दिसलं ते कळत नाही, आणि मधेच पांडू हजर. सांगायला आलेली गोष्टच तो विसरलेला असतो. ‘इसारलंय’ म्हणतो आणि महाराष्ट्रभर घराघरात हसू फुटतं. हा पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर त्या मालिकेच्या लेखनातही होते. हा योगायोग वाटत नाही. पाणी कुठे किती साचलंय हे लिहिणाऱ्याला जितकं कळतं तितकं दुसऱ्या कोणाला कळणार? ज्यानं बांध घातला तोच उघाडीपाशी उभा राहिला.

आता या माणसाचा दुसरा गुण. तो ओळखीचा असावा लागतो. गूलार्डी हा साऱ्या अमेरिकेचा नव्हता, क्लीव्हलंडचा होता. शेजारच्या पार्मा नावाच्या उपनगराची, तिथल्या लोकांच्या पांढऱ्या मोज्यांची आणि पोल्का संगीताची तो दर आठवड्याला चेष्टा करायचा. बाहेरच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसतं. धरमतरच्या पुलापलीकडे अलिबाग तालुका लागतो, आणि ‘अलिबागसे आया है क्या’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना पार्माचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नये, अशा अर्थाचं बोलून न्यायालयानं ती फेटाळली. पलीकडच्या गावाची थट्टा हा भुताच्या रात्रीचाही जुना मसाला आहे. त्यातून एवढंच सिद्ध होतं, की बोलणारा आपल्यातला आहे.

आणि तेच सिद्ध व्हावं लागतं. भीती अनोळखीपणातून येते, म्हणून तिच्या दारात ओळखीचा माणूस हवा. संध्याकाळी सात वाजता उद्याचा पाऊस सांगणारा माणूस रात्री अकराला शवपेटीतून उठला, की पाहणारा एका क्षणात दोन गोष्टी पाहतो: प्रेत, आणि प्रेताआडचा शेजारी. शिमग्यातल्या संकासुराकडे पाहतानाही गावातल्या पोराचं असंच होतं. आधी राक्षस दिसतो, मग आवाज ऐकू येतो, मग चालण्यावरून कळतं, की हा तर आपल्या आळीतला. त्या ओळखीनं राक्षस नाहीसा होत नाही. उलट पुढच्या वर्षी तो पुन्हा यावा असं वाटू लागतं. देशभर एकाच वेळी दिसणाऱ्या वाहिनीला हे जमत नाही, कारण तिचा यजमान कोणाच्याच आळीतला नसतो. नव्वदच्या दशकात पेण-रोह्यासारख्या गावांत केबलवर रात्री सिनेमे लागत, तेव्हा ही जागा घरातलंच कोणी तरी भरून काढायचं. शेजारपाजार जमलेला, आणि त्यातले एखादे काका ‘आता बघ, दार वाजणार’ म्हणून आधीच सांगून टाकायचे. त्यांच्यावर सगळे चिडायचे, पण ते उठून गेले तर खोली एकदम मोठी वाटू लागायची.

खाडीकाठच्या तोंडी गोष्टींतही हा माणूस असतो. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा पाण्यात राहतो आणि रात्रीच्या वाटसरूला खोल पाण्याकडे नेतो. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून जमवलेली आणि आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेली कोकणच्या लोकसमजुतींची टिपणं आहेत. त्यात भुतांची वर्गवारी आहे: कोण कशानं मेला की कोणतं भूत होतं, ते कुठे राहतं, कशानं शमतं. टिपणं मोलाची आहेत, पण त्यात सांगणारा नाही. प्रत्यक्षात चकव्याची गोष्ट अशी वर्गवार कधी येत नाही. तिच्यात कोणा तरी बढाईखोराचं नाव येतं, त्यानं घेतलेली घोटभर येते, आणि रात्रभर बांधावरून चालून पहाटे तो आपल्याच परसात पोचतो तेव्हा त्याची बायको काय म्हणाली तेही येतं. कागदावर भूत उतरलं, परसातली बायको उतरली नाही.

या गोष्टीतली भीती सगळीच वाहून जावी असं सांगणाऱ्यालाही वाटत नसतं. धरमतरच्या चिखलात संध्याकाळी पाय रुतला आणि वरून भरती आली तर माणूस खरोखर बुडतो. अंधारात खाडीवर जाऊ नये एवढी भीती पोराच्या मनात राहायला हवी. मात्र दिवसा जाळं घेऊन जायचं धैर्य गळावं एवढी राहता कामा नये. हसू हे माप ठरवतं.

इथवर आलो की एक अवघड गोष्ट समोर येते. माणूस आणि त्याची भीती यांच्या मधली जागा कधीच रिकामी राहत नाही. तिथे संकासूर नसेल, काका नसतील, तर दुसरा कोणी येऊन बसतो. तो म्हणजे भगत, मांत्रिक, बाहेरचं बघणारा. त्याचीही जागा तीच, दारातली. भुताची भाषा त्यालाही येते. वेषभूषाही कमी नसते. फरक एकच, तो हसत नाही. त्याला परवडत नाही, कारण साचलेलं पाणी हेच त्याचं उत्पन्न आहे. उघाडी मिटून ठेवायची आणि आतलं शेत कुजतंय हे घरच्यांना रोज दाखवायचं, हा त्याचा व्यवहार.

त्याची किंमत रायगड जिल्ह्यानं मोजलेली आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर चालतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पण औषध उपयोगी पडायचं तर रोगी वेळेत केंद्रात यायला हवा, आणि मंत्र टाकण्यात गेलेला वेळ कोणतंच औषध परत देत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला, तो उगाच नाही. मात्र कायदा भगताला दारातून उठवू शकतो. त्याच्या जागी कोणाला बसवायचं हे कायदा सांगू शकत नाही.

आज ती जागा मोबाइलमध्ये गेली आहे. रात्री कानात भुताच्या गोष्टी सांगणारे आवाज मराठीत पुष्कळ झालेत. त्यातले काही चांगले सांगतात. पण पुष्कळ जण सुरुवातीलाच बजावतात, की ही सत्य घटना आहे, आणि मग शेवटपर्यंत आवाजाची घडी मोडू देत नाहीत. ऐकणारा अंथरुणात एकटा असतो. शेजारी काका नसतात. गोष्ट संपल्यावर आत साचलेलं तसंच राहतं आणि तो लगेच दुसरी गोष्ट लावतो. व्हॅम्पायरा किंचाळून झाल्यावर समाधानानं बोलू लागायची, तेव्हा ती न सांगता सांगत होती, की हे खोटं आहे, आपण दोघं मिळून ते खरं मानतोय, आणि उजाडल्यावर मानायचं थांबवू. ‘सत्य घटना’ म्हणणारा हा करार करतच नाही.

आपल्याकडच्या एका जुन्या भुताच्या यजमानाला हा फरक पक्का ठाऊक होता. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकात, वेताळाच्या पंचवीस गोष्टी आल्या आहेत. पुढे त्या मराठीत ‘वेताळपंचविशी’ म्हणून घरोघरी पोचल्या. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सज्जन यांनी हा वेताळ साकारला आणि अरुण गोविल यांच्या विक्रमाच्या पाठीवर बसून देशभरच्या मुलांना रविवारी घाबरवलं आणि हसवलं. कथेची चौकट सर्वांना माहीत असते, पण तिची दोन टोकं सहसा जोडून पाहिली जात नाहीत. एका टोकाला, राजा स्मशानातल्या झाडावरून प्रेत खाली उतरवतो तेव्हा ते प्रेत मोठ्यानं हसतं. त्या हसण्यावरूनच राजाला कळतं, की यात वेताळ आहे. मग वाटभर वेताळ गोष्टी सांगतो, कोडी घालतो, राजाची फजिती करून परत झाडावर जातो. भीती त्या चौकटीत आहे: रात्र, स्मशान, खांद्यावर मढं. गोष्टी मात्र बहुतेक माणसांच्या आहेत, आणि त्यांच्या जोरावर राजा ती रात्र पार करतो.

दुसऱ्या टोकाला तो योगी आहे, ज्यानं राजाला हे प्रेत आणायला पाठवलं. गंभीर, तपस्वी, अदबशीर. दरबारात रोज एक फळ आणून देणारा. फळातून रत्नं निघतात. संपूर्ण कथेत तो एकदाही थट्टा करत नाही. आणि शेवटी वेताळच राजाच्या कानात सांगतो, की हा योगी तुझा बळी देणार आहे; तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मला येत नाही, आधी तू घालून दाखव. राजा तसंच करतो आणि वाचतो. म्हणजे पंचवीस गोष्टींच्या या लांबलचक रात्रीत राजाच्या बाजूचा एकच जण होता, आणि तो त्याच्या खांद्यावरचं हसणारं भूत होता.

काळं फासून हसवायला येणारा माणूस कशासाठी असतो, याचं उत्तर या कथेत आलं आहे. तो भुताचं सोंग घेतो म्हणून भुताच्या दारात उभा राहू शकतो. तो हसतो म्हणून आपल्या बाजूचा असतो. सोंग आणि हसू, दोन्ही एकत्र असल्याशिवाय ही राखण होत नाही. नुसतं सोंग असलं की तो योगी होतो, आणि नुसतं हसू असलं की खाडीपर्यंत पोचतच नाही. तेव्हा भुताची गोष्ट जरूर ऐकावी, रात्री ऐकावी, दिवा मालवून ऐकावी. फक्त सांगणारा मधे एकदाही हसला नाही, तर गोष्ट संपल्यावर तो काय मागतो तिकडे लक्ष ठेवावं.